खिडकीकडे पाठ

सहाणेवर दुधात जायफळ उगाळलं, की तो उग्र गोडसर वास मला थेट डोंबिवलीच्या माहेरच्या घरी नेतो. त्या दुपारी मला बघायला पाहुणे येणार होते. माझ्या गालांवर मुरमांचे काळे डाग होते. महिनाभर जायफळ लावूनही ते हटत नव्हते. आईने माझी खुर्ची खिडकीकडे पाठ करून मांडली. "इथेच बस गं, उजेड तोंडावर नको," ती हळूच म्हणाली. आईला माझी लाज वाटते, असंच मला वाटलं.

पाहुणे आले आणि मुलाच्या आईने नेमकं त्याच खुर्चीत मुलाला बसवलं. मला समोर, भर उजेडात बसावं लागलं. मी वाकून पोह्यांची बशी त्याच्यापुढे धरली. त्याने मान वर केली, तेव्हा त्याच्याही गालांवरचे खड्डे दिसले. दोघी आया एकमेकींची नजर टाळत होत्या.

तोच आता बाहेर पेपर वाचतोय. आज आमच्या लेकीचा व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू आहे. तिच्याही गालांवर तेच डाग आहेत.

"आई, पडदा का ओढलास?" तिने विचारलं.

मी तो कधी ओढला, मला कळलंच नव्हतं.