आईला सायकल शिकवली तेव्हा

आमच्याकडे नागपूरचे पाहुणे आले की आधी दादाचं कौतुक व्हायचं. तो शाळेच्या क्रिकेट टीममध्ये होता, शिवाय गणितात पहिला. मग काकू माझ्याकडे वळायच्या. "अन् ही काय करते?"

आई माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, "ही शहाणी आहे."

सांगण्यासारखं दुसरं काही नसलं की पोरीला शहाणी म्हणतात, एवढं मला सहावीतच कळलं होतं.

त्या वर्षी मी बरंच काही करून पाहिलं. नाचाच्या क्लासला गेले, तर बाईंनी मला मागच्या रांगेत उभं केलं. चित्रांच्या स्पर्धेत प्रमाणपत्र मिळालं, पण ते सगळ्यांनाच मिळालं होतं. मोहल्ल्यातल्या पोट्ट्यांबरोबर शर्यत लावली, तर मधेच कुठेतरी पोचले. शेवटची आले असते तर निदान कोणी हसलं तरी असतं.

फक्त सायकल शिकण्यात मी सगळ्यांच्या शेवटी होते. माझ्याहून लहान पोरं हात सोडून चालवायची तेव्हा मी गुडघ्यांना हळद लावून ओट्यावर बसलेली असायची. शेवटी आली कशीबशी, पाचवीच्या उन्हाळ्यात.

पुढच्या हिवाळ्यात आईला बीरगांवच्या एका दवाखान्यात काम मिळालं, पेशंटची नावं लिहून घ्यायचं. लग्नानंतरची तिची ही पहिलीच नोकरी. आमच्या रेल्वे क्वार्टरपासून तिथं जायला ऑटो बदलत बदलत जावं लागे. बाबा म्हणाले, "स्कूटी घेऊ. पण तुले सायकल तं आली पाहिजे आधी."

रोज सकाळी बाबा आणि दादा तिला क्वार्टरमागच्या मैदानावर न्यायचे. "पॅडल मार, समोर पाह!" बाबा ओरडायचे. "मम्मी, डरो मत ना, इसमें है क्या!" दादा म्हणायचा. तो एका दुपारीच सायकल शिकला होता. त्याला खरंच कळत नव्हतं की यात अवघड काय आहे.

एक दिवस आई कोपर फोडून घरी आली. चहा ठेवता ठेवता म्हणाली, "मले नाही जमत. ऑटोनं जाईन, नाही तं नोकरीच नको."

मी भाजी निवडत होते. तोंडातून निघून गेलं, "आई, तू पॅडल मारूच नको."

बाबा हसले. "मंग चालन कशी?"

"सीट खाली करायची. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. मंग नुसतं पायानं ढकलत जायचं. तोल आला की पाय आपोआप उचलते."

आई गॅस बारीक करून माझ्याकडे वळली. "तुले कसं माहीत?"

"मले लई दिवस येतच नव्हती ना. कुठं कुठं भीती वाटते, ते सगळं माहीत आहे मले."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच गेलो. दादाला येऊ दिलं नाही. आईने पदर खोचला आणि मैदानभर सायकल ढकलत फिरली. मी शेजारून चालत होते. धरलं मात्र नाही, कारण कोणी धरलं की ते कधी सोडतील याचीच जास्त भीती वाटते. उतारावर तिचे पाय उचलले गेले. थोडंसंच, पण तिलाही कळलं.

"झालं का गं?" तिने विचारलं.

"झालं! पुन्हा!"

काही दिवसांनी मी तिला पॅडलवर पाय ठेवायला सांगितलं. ती निघाली ती थेट मैदानाच्या टोकापर्यंत. नळावर पाणी भरणारी शेजारीण हंडा खाली ठेवून इथल्या बोलीत ओरडली, "हव दीदी, हव! बने जावत हव!" म्हणजे, छान चाललंय!

आईने वळण घेतलं आणि तिकडूनच हाक मारली, "आता थांबू कशी?"

ब्रेकचं मी सांगितलंच नव्हतं! मी धावत सुटले, "ब्रेक दाब, दोन्ही!" पण तिने दाबले नाहीत. हसत हसत आणखी एक चक्कर मारली, मग थांबली. आईला इतकं मोठ्यानं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी शेजारीण दारात आली. मला वाटलं, आईकडे काम असेल. ती माझ्याशीच बोलली. "मोला घलो सिखा दे न, बेटी." मलाही शिकव, म्हणत होती. तिच्या मुलीला शाळेतून मिळालेली सायकल घरात नुसतीच उभी होती.

आत बाबा पेपर वाचत होते. ते तिथूनच म्हणाले, "शिकवन, शिकवन. आमची पोट्टी मस्त शिकवते."

आईची स्कूटी आली, तिच्यावर हात बसला, आणि एका सकाळी आई हेल्मेट घालून दवाखान्यात जायला भनपुरीच्या रस्त्याला लागली. बाबा आणि दादा कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेले. मला मात्र जाता आलं नाही. मैदानावर शेजारीण आली होती, आणि तिच्यासोबत आणखी एक बाई, घाबरलेली, सायकलपासून जरा लांबच उभी. मी वेणी घट्ट बांधली आणि पाना घेऊन सीट खाली करायला बसले.