रुखवतातलं होम थिएटर

माझ्या लग्नाच्या रुखवतात होम थिएटर होतं. आता सांगितलं की पोरी हसतात, पण दोन हजार चार-पाचच्या सुमाराला आमच्या चांदवडकडे ही मोठीच गोष्ट होती. टेबलावर लोकरीची तोरणं, मण्यांचा ससा, बोळक्यांची उतरंड, आणि मधोमध तो काळा कुळकुळीत रिसीव्हर. त्याच्या आजूबाजूला पाच चिमुकले स्पीकर आणि खाली घुमणारा मोठा डबा. वऱ्हाडातली निम्मी पोरं नवरी सोडून त्याच्याभोवतीच घोटाळत होती. मला त्याचा राग आला होता, हे अजून आठवतं.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांना गाण्याबिण्याचा शौक नव्हता; त्यांचा रेडिओ बाजारभाव संपले की बंद. पण माझं सासर नाशिकला अगदी लागून, मखमलाबादच्या पुढे. फुलांचा मळा, घरात मोठा टीव्ही. आपली पोर कांद्याच्या वावरातून उठून शहराच्या तोंडाशी चालली आहे, तिला तिथे कुणी कमी लेखू नये, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. सासरच्यांनी काही मागितलेलं नव्हतं. मुंबईला माल घेऊन जाणारा एक व्यापारी दादांचा जुना मित्र होता, त्याच्याकडून त्यांनी ते मागवलं. बिल नव्हतं. एवढ्या घरच्या माणसाला बिल कसं मागायचं?

मी जात्याच संशयी. भाजीवालीने आपण होऊन जास्तीची कोथिंबीर दिली तरी मी जुडी उलगडून बघते. पण सासरी गेले आणि कळलं, की या विद्येत मी अजून बिगरीत होते.

मशीन जोडलं त्या दिवशी घरात सणच होता. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. दिराने भिंतींवरून तारा ओढल्या. पिक्चर लागला, घोडे मागून धावत आले तशा सासूबाई दचकून मागे वळल्या आणि सगळे खो खो हसले. अर्धा पिक्चर झाला असेल-नसेल, मशीनमधून 'टक्' असा आवाज आला आणि सगळं मुकं. टीव्हीवरची माणसं नुसती तोंडं हलवत होती. मशीनच्या निळ्या पट्टीवर इंग्रजीत एकच शब्द लुकलुकत होता. दिराने तो वाचला: प्रोटेक्ट.

"म्हंजी काय?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे रक्षण. ते स्वतःला वाचवतंय."

"कोनापासून? आपल्यापासून?"

पुन्हा हसू. लोडशेडिंगचे दिवस होते, व्होल्टेज सारखं वरखाली व्हायचं, म्हणून त्या दिवशी खापर विजेच्या माथी फुटलं. नवऱ्याने दुसऱ्या आठवड्यात स्टॅबिलायझर आणला. तरी तेच. काही वेळ झकास, मग टक्. थोडा दम घेतला की पुन्हा चालू, पुन्हा टक्. विजेवरचा संशय उठला आणि दुसरीकडे बसायला जागा शोधू लागला. त्याला फार लांब जावं लागलं नाही.

सुरुवात दिराने केली. माळ्यावरचं रिकामं खोकं त्याने खाली काढलं आणि उन्हात धरून बघितलं. "वहिनी, याला टेप दोनदा मारलीय."

"ती मीच काढली होती," मी म्हटलं. "कव्हरचं माप घ्यायला."

खरंच मी काढली होती. रुखवतात मुलीच्या हातचं काही असावं लागतं, म्हणून मी त्या मशीनला कव्हर विणलं होतं. मरून लोकर, आतून साटीनचं जाड अस्तर, कडेने मण्यांची झालर, समोर निळी पट्टी दिसावी म्हणून छोटी खिडकी. माप असं बरोबर बसलेलं की कुठे बोट शिरायला जागा नाही. सासूबाईंचा त्या कव्हरवर भारी जीव. आमच्या घरात उघडं काही नसायचंच. फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, फोनला झालरीचं टोपडं, रिमोटला प्लास्टिकची पिशवी. आल्यागेल्याला त्या मशीन नाही, कव्हर दाखवायच्या. "सूनबाईच्या हातचं हाय. लय बारीक काम हाय." त्यावर एक गणपती आणि प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणीही आली. बाहेर एवढा शेवंतीचा मळा आणि आत प्लास्टिकची फुलं, पण नव्या सुनेने कुठे कुठे बोलायचं.

"हां, मापासाठी," दीर म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि मशीनच्या पाठीवरच्या एका चरा पडलेल्या स्क्रूकडे बघत राहिला.

त्यानंतर घरात एक नवी पद्धत सुरू झाली. मी खोलीत शिरले की वाक्य मधेच संपायचं. मग कुणीतरी भिंतीकडे बघून म्हणायचं, आजकाल बाजारात काय काय खपवतात बाई. सासूबाई मऊ आवाजात म्हणायच्या, "तुझे दादा लय साधे हायेत. त्यांना कुनीबी गंडवील." तोंडावर शिवी दिली असती तर मी उत्तर तरी दिलं असतं. कीव केली की काय करणार? जुनं, वापरलेलं मशीन पुसून लेकीला दिलं, हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण तो ताटाताटाला वाढला जात होता. दादांची सगळी अब्रू त्या काळ्या डब्यात अडकली होती. डबा चालला तर दादा खरे, बंद पडला तर खोटे.

नवरा मशीन घेऊन मेन रोडजवळच्या एका मेकॅनिककडे गेला. त्याने ते दिवसभर दुकानात वाजवलं. एकदाही बंद पडलं नाही. घरी आणलं, जोडलं, सासूबाईंनी फडक्याने पुसून कव्हर चढवलं, गणपती बसवला, आणि तासाभरात टक्. मग मेकॅनिकलाच घरी बोलावलं. गणपती उतरला, कव्हर उतरलं, त्याने झाकण खोलून आत फुंकर मारली, चहा पिईपर्यंत वाजवून दाखवलं. "काहीच फॉल्ट नाही हो," म्हणाला आणि गेला. कव्हर चढलं. टक्.

"तो असंस्तोवर बरं चालतं," सासूबाई म्हणाल्या. "कुठंतरी पानी मुरतंय."

दिराला वाटलं मेकॅनिकने आतला चांगला भाग काढून घेतला. नवऱ्याला वाटलं दीर आमच्या पाठीमागे आवाज फार मोठा करतो. आणि मला, खरं सांगते, सासूबाईंचा संशय आला. त्यांना ढणढण आवडत नसे. मला वाटायचं, या येता-जाता एखादं बटण दाबतात आणि माझ्या माहेराला बोल लागू देतात. म्हणून दुपारी टीव्ही लावून आम्ही हार ओवायला बसलो की मी त्यांच्या हातांवर नजर ठेवायची. त्यांच्या ते लक्षात आलं, आणि त्या माझ्या हातांवर नजर ठेवू लागल्या. मशीन आपल्या वेळेला टक् करायचंच. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो, आणि दोघींचे हात फुलांत असायचे.

दादा अधूनमधून यायचे, कांद्याची गोणी किंवा आईने दिलेले पापड घेऊन. आधी ते आत येऊन ऐसपैस बसायचे. मग एकदा त्यांनी हसत विचारलं, "काय, चालतंय नं?" मी हो म्हणायच्या आत दीर म्हणाला, "चालतं की. मनात आलं तर." दादांचा चेहरा उतरला. त्यानंतर ते ओट्यावरच उभे राहायचे, गाडीची वेळ झाली म्हणायचे, पाणीसुद्धा नको म्हणायचे. मला सासरच्या प्रत्येकाचा संताप यायचा आणि तो काढायला जागा नसायची, म्हणून भांडी जोरात आपटायचे.

भाद्रपदात दादांचा फोन आला. "दसऱ्याला येतो. मशीन घिऊन जातो माघारी."

रुखवतातली वस्तू बापाने परत न्यायची म्हणजे काय, हे आमच्याकडच्या कुणाही बाईला विचारा. एसटीतून उतरून ते मशीन खांद्यावर घेऊन दादा गावातून चालत जाणार, आणि अख्खं गाव विचारणार, लेकीचं काय झालं? मी म्हटलं, नका आणू तशी वेळ, दादा. ते म्हणाले, "वेळ आलीच हाय," आणि फोन ठेवला.

घटस्थापनेच्या आधी आमच्याकडे घर धुवून काढतात. चादरी, गोधड्या, पडदे, देवाची वस्त्रं, सगळं एकाच दिवशी पाण्यात. त्यात घरातली यच्चयावत कव्हरंही गेली. फ्रिज, मिक्सर, फोन सगळे उघडे पडले, घर ओळखू येईना. साटीनचं अस्तर लवकर वाळत नाही, त्यात आभाळ. माझं कव्हर दोन दिवस कुंपणाच्या तारेवर लोंबत होतं. त्या दोन दिवसांत क्रिकेटची मॅच होती. दीर आणि त्याचे दोस्त सकाळपासून टीव्हीपुढे ठाण मांडून. मी आत-बाहेर करत होते, कान सवयीने त्या 'टक्'साठी टवकारलेले. दुपार झाली. मॅच संपली. टक् झालंच नाही.

कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. बंद पडलेलं सगळ्यांना दिसतं, चालू राहिलेलं कुणाला दिसतं? मी मशीनवर हात ठेवला. वरच्या जाळीतून गरम वाफ तळहाताला लागत होती, भाकरीच्या तव्यावर धरल्यासारखी. आणि मला एकदम ती जाळी दिसली. इतके महिने मी तिला गणपतीखाली, अस्तराखाली, माझ्या बारीक कामाखाली बघितलंच नव्हतं.

तरी मी संशयी ती संशयीच. दुसऱ्या दिवशी घरचे मळ्यात गेले तेव्हा वाळलेलं कव्हर चढवलं, टीव्ही लावला आणि समोर भाजी निवडत बसले. मेथी निवडून झाली, गवार मोडून झाली. टक्. कव्हर काढलं, मशीन पंख्याखाली निवू दिलं आणि उघडंच पुन्हा लावलं. घरचे परत येईपर्यंत वाजत होतं.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा मी सांगितलं. नवरा आधी हसला, मग कपाळावर हात मारून घेतला. दीर उठून मशीनकडे गेला. सासूबाई मात्र माझ्याकडे रोखून बघत राहिल्या.

"दादांला वाचवाया तर सांगत नाहीस ना?"

"मग बसा समोर," मी म्हटलं. इतकं तडकून त्या घरात मी पहिल्यांदा बोलले. "माझ्या हाताकडे बघत बसा."

आणि त्या खरंच बसल्या. कव्हर चढवलं, गणपतीही बसवला, काही राहायला नको. सासूबाई मशीनला चिकटून, एक हात त्याच्यावर, दुसरा माझ्या मनगटावर. जेवणं ताटात निवली. टक् झालं तेव्हा त्यांनी मनगट सोडलं आणि पोळल्यासारखा दुसरा हातही काढून घेतला. मग म्हणाल्या, "लय तापतंय की गं." आणि ताट उचलता उचलता, "आमी कुठं काय म्हनलो व्हतो तुझ्या दादांला?"

खरंच होतं. कुणी काही म्हणालंच नव्हतं, तर मागे काय घेणार? मला त्या क्षणी ते मशीन उचलून विहिरीत टाकावंसं वाटलं.

दसऱ्याच्या दिवशी दुपारपर्यंत झेंडूचा बाजार आटोपला आणि दादा आले. खिशात आपट्याची पानं, काखेत मशीन गुंडाळायला रिकामं गोणपाट. ते नेहमीसारखे ओट्यावर थांबले. सासूबाई स्वतः बाहेर गेल्या, म्हणाल्या, "व्याही, आत या, पिक्चर बघून जा." नवऱ्याने पिक्चर लावला. मशीन उघडं होतं. मी दादांना कव्हराचं सगळं सांगितलं, त्यांनी मान हलवली, पण त्यांचा विश्वास बसलेला नव्हता. ते खाटेच्या कडेला बसले आणि पूर्ण वेळ त्या निळ्या पट्टीकडे बघत राहिले. पडद्यावर कोण मेलं, कुणाचं लग्न झालं, त्यांना काही माहीत नाही. पिक्चर संपला, नावं वर सरकू लागली, आवाज चालूच होता. दादांनी थंड झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला. सासूबाईंनी त्यांच्या हातावर पानं ठेवली, दादांनी त्यांच्या. सगळं गोड झालं, असं मला वाटलं.

मी त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत गेले. मी म्हटलं, दादा, आता तरी मोकळे व्हा, तुमचं मशीन चांगलं निघालं.

"तेच तर झालं," ते म्हणाले. "मला वाटलं माझ्या त्या व्यापारी दोस्तानंच मला फसवलं. चैतापासून त्याच्याशी बोलणं सोडलंय. वैशाखात त्याच्या लेकीचं लगीन झालं. दोनदा घरी बोलवाया आला व्हता. मी घरात असून नाय म्हनून सांगाया लावलं."

त्या व्यापाऱ्याचं नावही आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

दादांनी खिसा चाचपला. थोडी पानं उरली होती. "जाता जाता उतरतो त्याच्या दारात," म्हणाले. "आज दसरा हाय. आज कुनी नाय म्हनत नाय."

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. दादा म्हणाले, त्याने सोनं घेतलं, कपाळाला लावलं. पण आत ये म्हणाला नाही.