मडगार्डची खालची कड

आकुर्डीच्या स्कूटर कंपनीत तो माझ्या शेजारी उभा राहून रंग मारायचा. त्याचं नाव मी मुद्दाम कधी विचारलं नाही. नाव कळलं असतं, तर घरी जाऊनही त्याला शिव्या देत बसलो असतो.

टांगलेल्या मडगार्डवर ओला रंग स्वस्थ बसत नाही. गुपचूप खाली सरकतो, वर पातळ होतो आणि खालच्या कडेला थेंब धरून वाळतो. माझ्या मडगार्डांना असे ओघळ यायचे आणि ती घासायला परत यायची. त्याच्या मडगार्डांना कधी नाही! रंग मारून झाला की तो वळूनही बघायचा नाही. मान खाजवत पुढचं मडगार्ड ओढायचा. त्या मान खाजवण्याचाच मला जास्त राग यायचा.

एकदा माझा ओघळ बघून, कुणी न विचारताच म्हणाला, "रंग खाली येनारच की, राव. म्हून खाली आदीच कमी मारायचा. त्याची जागा ठिवायची."

मी तसंच करून पाहिलं. कडेला रंगाखालचं अस्तर उघडं पडलं.

पुढे कितीतरी वर्षं नंबर लावून मला स्वतःची स्कूटर मिळाली. दारात पूजेची तयारी चालली होती, तेव्हा मी वाकून मडगार्डच्या कडेवरून बोट फिरवलं. थेंब नव्हता. हात कुणाचा, ते कळलं.

हार घालताना बायको शेजारणीला कौतुकानं म्हणाली, "रंग ह्यांच्याच हातचा आहे हो!"

मी वळूनही बघितलं नाही. मान खाजवली.