रिटायरमेंटचा ओके

महाराणा प्रताप नगरातल्या छापखान्यात मी सीडीच्या कव्हरचं प्रूफ तपासत उभी होते, तेव्हा निखिलचा फोन आला. "आत्या, बाबा गेले." मी प्रूफवर सही केली, मालकांना छापायला घ्या म्हणाले आणि रिक्षा पकडली. रिक्षात कोणाकोणाला कळवायचं याची यादी केली. ती पूर्ण झाल्यावर रडले. माझा स्वभावच तसा आहे, आणि शरददादाला माझ्यातलं तेवढंच पसंत होतं.

त्या प्रूफवर 'ड्रम्स' या शब्दापुढे दादाच्या मुलाचं, निखिलचं नाव होतं. आज लोकांच्या घरी गेलेल्या सीडीवर दादाचं आहे. दादा गेल्यापासून जे लिहून आलं, त्यात अर्धांगाच्या झटक्यातून उठून त्यानं शेवटचे ड्रम्स कसे वाजवले, याचं फार कौतुक आहे. त्याचा जुना बँड 'भट्टी' इतक्या वर्षांनी पुन्हा पेटला तो या हातांमुळे, असंही कोणी लिहिलं. अल्बम चांगला आहे, पहिल्या कॅसेटनंतरचा सर्वांत चांगला. पण ते हात दादाचे नाहीत. ज्याचे आहेत तो बोलत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

आम्ही मूळचे नागपूरचे. वडील इथे, हिंदी मुलखातल्या सरकारी कारखान्यात आले आणि आम्ही टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये वाढलो. दादाही त्याच कारखान्यात लागला, तपासणी विभागात. ओतून आलेला लोखंडाचा भाग हातोडीनं ठोकायचा आणि ऐकायचं. घणघणला तर ठीक, बद्द वाजला तर आत कुठेतरी चीर आहे. दादाचा कान त्यासाठी सगळ्या शॉपमध्ये प्रसिद्ध होता आणि त्या कानामुळे तो कोणालाच आवडत नव्हता. कारखान्यातल्याच तिघांना घेऊन त्यानं 'भट्टी' काढली. आमच्या मागच्या व्हरांड्यात गोधड्या टांगून सराव चालायचा. भोंग्यावर, पाळीवर, उकाड्यावर हिंदी गाणी, आणि ती अशी वाजवायची की आईची भांडी फळीवर हलत. दादा ड्रम्सवर. गाणं संपलं की तिघेही त्याच्याकडे बघत. गिटारवाले मिश्राजी लग्नाच्या आदल्या दिवशी अंगाला हळद लागलेली असताना सरावाला आले, यातच खरं तर सगळं आलं. पण त्यांचा हात एके ठिकाणी मागे राहिला. दादा म्हणाला, "हाथ पीले हुए हैं मिश्रा, कान तो नहीं. फिर से." घरी त्यांचे पाहुणे जेवायचे थांबले होते.

शॉपमध्ये एक रीत होती. माणूस निवृत्त व्हायचा त्या दिवशी त्याचा शेवटचा जॉब, म्हणजे त्यानं घडवलेला शेवटचा भाग, कोणी तपासायचा नाही. तसाच ओके करायचा, वर खडूनं त्याचं नाव लिहायचं, मग हार, मग समोसे. दादानं एका टर्नरचा शेवटचा जॉब त्याच्या निरोपाच्या दिवशी, गळ्यात हार असताना, बायको-मुलं समोर उभी असताना मापला आणि नाकारला. तो बिचारा समोसा हातात धरून उभा राहिला. मी दादाला विचारलं, काय मिळालं? तो म्हणाला, "त्यानं आयुष्यभर मापात काम केलं. शेवटच्या दिवशी मी त्याला भीक घालू?" त्या टर्नरला यात मान दिसला असेल असं मला वाटत नाही. तो पुढे आमच्या घरावरून जाताना सायकल पलीकडच्या कडेनं न्यायचा.

निखिलची पाळी आली तेव्हा तो शाळेत होता. गणेशोत्सवात टाउनशिपच्या हॉलमध्ये तो पहिल्यांदा ड्रम्स वाजवत होता. गाणं अर्ध्यावर असताना दादा स्टेजवर चढला, त्याच्या हातातून काठ्या घेतल्या आणि उरलेलं गाणं स्वतः वाजवलं. निखिल तिथेच बाजूला उभा होता, कारण खाली उतरायचं तर सगळ्यांसमोरून उतरावं लागलं असतं. वहिनी दोन दिवस दादाशी बोलली नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की लोकांनी पुढचं का सोसायचं? त्यानंतर निखिलनं घरात काठ्यांना हात लावला नाही. पुढे तो पुण्याला बँकेत लागला, आणि तिथे एका मित्राच्या गॅरेजमध्ये दर रविवारी वाजवायचा. हे मला माहीत होतं, दादाला सांगायची सोय नव्हती.

बाकीचेही शेवटी कंटाळले. त्यांनी दादाला वगळून बँड चालवला. कीबोर्ड आला, गाणी गोड झाली. लग्नाच्या रिसेप्शनला, क्लबच्या वर्धापनदिनाला 'भट्टी' वाजू लागली आणि लोक जेवता जेवता ऐकू लागले. दोन अल्बम काढले; बँडचं छपाई-विक्रीचं काम माझ्याकडे असल्यामुळे ते मी व्यवस्थित विकले आणि एकदाही पूर्ण ऐकले नाहीत. सगळे निवृत्त झाल्यावर मिश्राजी एका सकाळी दादाच्या अयोध्या नगरातल्या घरी आले आणि म्हणाले, "शरद भाई, मरने से पहले एक ढंग का बना लें. गाली दे लेना, पर आ जाओ." दादानं लगेच शिवी दिली, आणि त्यांच्याबरोबर गेला.

त्या वर्षभरात त्यानं तीन म्हाताऱ्यांना रडवलं. कीबोर्ड काढला. गाणाऱ्याला सांगितलं, तुझा आवाज गेलाय तर गेलेल्या आवाजात गा, लपवतोस कशाला. अरेरा कॉलनीतल्या स्टुडिओचा मुलगा मला विचारायचा, अंकल घरीही असेच आहेत का? पण गाणी उभी राहू लागली. व्हरांड्यातली ती भांडी हलवणारी ताकद परत आली... आणि मग दादाला झटका आला. डावा हात गेला, पण अर्धाच. महिने गेले. व्यायाम करून, मला आणि वहिनीला वाटेल ते बोलून त्यानं तो हात काठी धरण्यापर्यंत आणला आणि रेकॉर्डिंगमध्ये फक्त ड्रम्स उरले होते, ते वाजवायला स्टुडिओत जाऊन बसला.

वाजवून झालं. त्यानं मिश्राजींकडे बघितलं. मिश्राजी म्हणाले, ओके. गाणारा म्हणाला, ओके. बेसवाले नुसती मान हलवून ओके. दादानं काठ्या मांडीवर ठेवल्या. मग शांतपणे म्हणाला, "मुझे रिटायरमेंट वाला ओके दे रहे हो?"

 मिश्राजी रडू लागले. दादा त्यांना म्हणाला, की रडायचं असेल तर बाहेर जा, आत माइक चालू आहे. आणि मला म्हणाला, "निखिलला बोलव. रविवारी गॅरेजात वाजवतो ना तो."

त्याला कोणी सांगितलं, ते मला अजून कळलेलं नाही.

निखिल रजा टाकून आला. आता बाप मुलाला जवळ घेईल, अशी अपेक्षा कोणाची असेल तर माझी होती. दादा काचेपलीकडे खुर्चीत बसून होता आणि प्रत्येक वेळी म्हणत होता, पुन्हा. निखिलच्या बोटांना पट्ट्या लागल्या. "बँकेत असंच काम करतोस? मग ठेवी काढून घेतो," असंही म्हणून झालं. तिसऱ्या दिवशी एक गाणं संपलं आणि दादा काही बोललाच नाही, पुढचं लावायला सांगितलं. ओके त्यानं शेवटपर्यंत म्हटलं नाही. घरी जाताना गाडीत मला म्हणाला, "कव्हरवर त्याचं नाव टाक. माझं कुठेही नको." प्रूफ मी त्याप्रमाणेच केलं होतं.

दादाच्या दिवसांत, छपाई सुरू व्हायच्या आधी, मिश्राजी छापखान्यात गेले आणि नाव बदलून आले. वहिनीची इच्छा होती, निखिलनंही हो म्हटलं होतं. सीडींची खोकी आली तेव्हा मला कळलं. त्यांनी प्रेमानंच केलं. त्या टर्नरच्या जॉबवरही लोक प्रेमानंच खडूनं नाव लिहिणार होते.

गेल्या आठवड्यात टाउनशिपच्या हॉलमध्ये अल्बमचा कार्यक्रम झाला. दादाच्या फोटोला हार होता, ड्रम्सवर निखिल. सूत्रसंचालन माझ्याकडे असल्यामुळे मी सुरुवातीलाच सांगून टाकलं, की अल्बममध्ये वाजवलंय ते निखिलनं, दादाचं वादन दादानंच नाकारलं होतं. टाळ्या आधी थबकल्या, मग थोड्या झाल्या. मध्यंतरात वहिनी माझ्याजवळ आली. "कुंदाताई, गेलेल्या माणसाला एवढंही राहू दिलं नाहीत तुम्ही." मी पुढच्या गाण्यांची यादी उचलून स्टेजकडे गेले. 

निखिल तरी खूश होईल असं वाटलं होतं. कार्यक्रम संपल्यावर लोक त्याचे हात हातात घेऊन अभिनंदन करत होते, तो मान हलवत होता, पण ऐकत नव्हता. मग गर्दी ओलांडून मिश्राजींकडे गेला. ते गिटार पेटीत ठेवत होते.

"चाचा, दुसऱ्या गाण्यात तुम्ही मागे राहिलात."

"बेटा, अब तो हो गया. लोग जा रहे हैं."

"जाऊ द्या लोकांना. फिर से."

मिश्राजींनी त्याच्याकडे बघितलं. मग गिटार पुन्हा पेटीबाहेर काढली आणि वायर जोडली. मंडपवाल्याची माणसं खुर्च्या एकात एक घालत होती. वहिनी दारापर्यंत गेली होती, ती वळून आत आली आणि उरलेल्या एका खुर्चीवर बसली. सामानाचा टेम्पो बाहेर उभा होता. मी ड्रायव्हरला फोन करून सांगितलं, थांबा, वेळ लागेल.