थोरल्या साडूंचा साखरेवरचा संशय

“ह्यात साखर न्हाय, जोंधळं हायती! जोंधळं!”

नवऱ्या मुलाचा मामा ओरडत होता. सोनेरी कागदाचा उंच पुडा त्याच्या डाव्या हातात, उजव्या तळहातावर ज्वारीचे दाणे, आणि समोर पाटावर आमची श्रुती, जिचा चेहरा त्या दाण्यांसारखाच पांढुरका होत चाललेला. साखरपुड्याच्या पुड्यात साखर नसणं म्हणजे बारशाला बाळ नसण्यासारखं. कार्यालय चिडीचूप झालं. आचाऱ्याचा झारासुद्धा कढईत अर्ध्यावर थांबला, असं मी लोकांना शपथेवर सांगतो. मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांकडे संशयाने पाहिलं, मुलीकडच्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग सगळ्या नजरा फिरत फिरत मुलीच्या बापावर जाऊन थांबल्या. मुलीचा बाप म्हणजे आमचे थोरले साडू. ते शांतपणे चष्मा पुसत होते.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आक्कांचा, हा नवरा. या माणसाइतका संशयी माणूस सोलापूर जिल्ह्यात झालेला नाही, आणि पुढे व्हायचा असलाच तर साडू आधी त्याचा जन्मदाखला तपासून घेतील. त्यांची सगळी नोकरी विम्याच्या कचेरीत दावे तपासण्यात गेली. माणूस मेला म्हणून घरचे रडत असायचे, आणि साडू ओसरीवर बसून तो खरंच मेला आहे का, असल्यास कशाने, आणि त्यात कुणाचा फायदा, याचा विचार करत असायचे. निवृत्त झाल्यावर तपासायला माणसं उरली नाहीत, तेव्हा त्यांची नजर ताटाकडे वळली.

त्याला कारण आमचा नळ. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं हे इथल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. आम्ही पिंपं भरतो, मोटर लावतो, शेजाऱ्याने आपल्याआधी लावली म्हणून त्याच्याशी भांडतो आणि विसरून जातो. साडू विसरले नाहीत. “उजनी धरणात पाणी आहे, तिथून पाइप आहे, इथे नळ आहे. मग मधल्या मधे पितं कोण?” त्यांनी तपास केला आणि आरोपी थेट स्वयंपाकघरातच सापडला. सगळ्यात वरच्या फळीवर, झाकण घट्ट लावलेल्या डब्यात, साखर. “ऊस पाणी पितो, कारखाना ऊस गाळतो, आणि आपलं पाणी पांढरे कपडे घालून आपल्याच घरात विकायला येतं,” असं ते म्हणाले आणि त्या दिवसापासून त्यांचा चहा बिनसाखरेचा झाला. दूधही गेलं, कारण म्हशीचं हिरवं गवत त्यांना उसाचंच सख्खं भावंड वाटत होतं. चहाची पत्ती मात्र राहिली. ती परमुलखातल्या पावसावर वाढते, आपल्या नळाशी तिचा संबंध नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. मला वेगळाच संशय होता, की साडूंना मधुमेह आहे आणि ते लपवण्यासाठी एवढा मोठा ऊस उभा केला आहे. मी आक्कांना सांगून त्यांचं रक्त तपासून घेतलं. रक्त अगदी निर्दोष निघालं. तेव्हापासून साडू माझ्यावर संशय घेतात.

त्यांच्याबरोबर मंडईत जाणं म्हणजे पोलिसांबरोबर जाण्यासारखं होतं. कलिंगडाला ते कान लावून ऐकायचे. आपण पिकलंय का ते बघतो, हे आत कुठल्या तालुक्याचं पाणी आहे ते बघायचे. डाळिंबावर त्यांचा विशेष राग. सांगोल्याकडे माणसाला टँकर मिळेना तेव्हा बागेला मिळाला, असं त्यांनी कुणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं. तेव्हापासून डाळिंब सोललं की प्रत्येक दाण्यात त्यांना एकेक टँकर हॉर्न वाजवताना दिसायचा. एकदा त्यांनी आमच्या नेहमीच्या भाजीवाल्या बागवानचाचांना टमाट्यांबद्दल खोदून खोदून विचारलं. विहिरीचे का बोअरचे, बोअर किती खोल, पाणी उपसायला वीज कुठली. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “साब, टमाटा है. उसकू जबान नै. होती तो मेरेकूच पैले गाली देता.” साडूंनी टमाटे घेतले नाहीत, पण माणूस म्हणून चाचांचा विश्वास वाटतो असं घरी येऊन दोनदा म्हणाले.

एकाच अन्नावर त्यांनी कधी संशय घेतला नाही, ते म्हणजे भाकरी. मंगळवेढ्याकडची काळ्या रानातली ज्वारी, एकदा पेरली की जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर येते, कुणाकडे पाणी मागत नाही. साडू कडक भाकरीचा तुकडा मोडायचे तो एखाद्या सज्जन माणसाशी हस्तांदोलन केल्यासारखा. “हे एकच अन्न कुणाच्या तोंडचं काढून आलेलं नाही,” असं म्हणायचे, आणि तेवढ्यापुरता त्यांचा चेहरा निवळायचा.

आणि अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने लग्न ठरवलं ते उजनीच्या फुगवट्याकाठी ऊस आणि केळी लावणाऱ्या घरात. मुलगा तिच्याबरोबर कॉलेजात होता, स्वभावाने गरीब, आणि साडूंनी महिनाभर चौकशी करूनही त्याच्यात उसाव्यतिरिक्त दोष सापडला नाही. श्रुतीने बापाला स्पष्ट सांगितलं होतं, “बाबा, तिथं नुसतं ऐकून घ्या. माझं लग्न आहे, दावा नाही.” साडू हो म्हणाले. आम्ही सगळ्यांनी विश्वास ठेवला. नवऱ्यासाठी द्यायचा पुडा भरायचं काम त्यांनी आपणहून मागून घेतलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तर मामा ओरडला, आणि साडू चष्मा लावून उभे राहिले. “मी माझ्या लेकीच्या सुखाची सुरुवात दुसऱ्याच्या पाण्याने करणार नाही,” ते म्हणाले. “ही ज्वारी आहे. हिने कुणाचं काही घेतलेलं नाही.” मामाने पुडा आपटला आणि “उठा रं, गाड्या काढा” म्हणाला. मुलाकडचे चार-पाच जण खरंच उठले. आक्कांनी तोंडाला पदर लावला. श्रुती बापाकडे बघतही नव्हती, आणि तिचं रागाने बघणं सोसलं असतं, हे न बघणं सोसवेना.

तेव्हा मुलाचे वडील बोलले. चांगला भारदस्त माणूस, बाहेर मोठी गाडी, मनगटात कडं. पण आवाज इतका हळू की सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. “बस रं तू,” ते मेहुण्याला म्हणाले. मग साडूंकडे वळले. “पाव्हणं, तुमचं खरं हाय. ऊस लई पाणी पितो. मोटारी आमच्याच चालत्यात, आमी न्हाय कशाला म्हणू? पर आमी बी आदी जोंधळंच खात हुतो, आमच्याच रानातलं. धरण झालं आन् रान, घरं, देऊळ, समदं पाण्याखाली गेलं. तुमच्या नळाला येतं ते पाणी आमच्या गावावर उभं हाय. मला एक सांगा, तुमची भाकरी थापताना पीठ कुठल्या पाण्यात मळत्यात?”

साडूंनी आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारले होते. त्यांना विचारलेला प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकला. एवढी वर्षं एकच साक्षीदार निर्मळ म्हणून जपला होता, तोही पाण्यात हात बुडवलेला निघाला.

मग मुलाची आई उठली. “जोंधळं काय वंगाळ असत्यात व्हय? लक्ष्मीच हाय की,” म्हणत तिने मामाच्या हातातले दाणे घेतले, पुड्यातले घेतले, आणि श्रुतीची ओटी भरली. साडू मान खाली घालून कुठे तरी निघून गेले. पळून गेले असा माझा संशय. पण ते आचाऱ्याकडून मूठभर साखर घेऊन परत आले. मुलाच्या हातावर ठेवली, त्याच्या वडिलांच्या हातावर ठेवली, उरलेली चिमूट स्वतःच्या जिभेवर ठेवली आणि एखाद्याचा जबाब घेत असल्यासारखे बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. गोड लागली का, ते आम्हाला कधीच सांगितलं नाही.

लग्नानंतरच्या उन्हाळ्यात मी आणि साडू श्रुतीकडे गेलो. चहा आला, दुधाचा, साखरेचा. लेकीने केलेला म्हणून साडूंनी कप तोंडाला लावला, पण नजर कपावर रोखूनच. संध्याकाळी व्याह्यांनी आम्हाला काठावर नेलं. पाणी बरंच उतरलं होतं. भेगाळलेल्या गाळात कुठे जोत्याचे दगड, कुठे एक उंबरा वर आलेला, आणि पलीकडे अजूनही दूरवर पाणी. मोटारींचा आवाज सगळीकडून येत होता. साडूंनी वाकून काठाजवळच्या एका दगडावरचा गाळ बोटाने पुसला. मग त्यांनी विचारलंच, पण आवाजात तपासणी नव्हती.

“यात तुमचं घर कुठलं?”

व्याह्यांनी डोळ्यांवर हात धरून सगळीकडे पाहिलं. दगड सगळे सारखेच दिसत होते.

“आता न्हाय सांगता यायचं,” ते म्हणाले.