इन्स्पेक्शनच्या दिवशीचे लाडू

मुलांनो,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही सांगितलंत, तुमच्या शाळेतल्या एक शिक्षिका अचानक वारल्या. शाळा बंद ठेवली आणि मुलांची समजूत घालायला खास माणसं आली. मग तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्या शाळेत कधी असं झालं होतं?" मी विषय बदलला. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आता क्रमाने लिहिते.

आमच्या बाईंनी मला यवतमाळला इंग्रजी शिकवलं. पुढे त्या आर्णीला मुलींच्या नव्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. मी नागपूरहून बी.ए. होऊन आले, तेव्हा त्यांनी मला तिथे बोलावून घेतलं. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आता तू चुकलीस तरी तुला मारता येणार नाही, एवढंच वाईट वाटतं." त्यांचं प्रेम असंच असे. मला त्यांच्याशिवाय त्या गावात दुसरं कुणी नव्हतं.

आपला जिल्हा तेव्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. बाईंनी सहा मुली जमवून मॅट्रिकचा वर्ग सुरू केला होता, पण त्याला मान्यता नव्हती. इन्स्पेक्टरांनी ती दिली तर मुली गावातच शिकणार होत्या. नाही दिली तर यवतमाळला जावं लागणार, म्हणजे कुणीच जाणार नव्हतं. त्यांना स्थळं आलेली होती. बाईंनी एकेका बापाला उंबऱ्यावर बसून थोपवून धरलं होतं.

इन्स्पेक्शनच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी साहेबांच्या फराळासाठी बेसनाचे लाडू केले. मीही वळायला बसले. "तुझे लाडू तुझ्या निबंधासारखे. वरून गोल, आत भुसा," असं म्हणत त्यांनी माझे लाडू मोडून पुन्हा वळले.

सकाळी मी नेहमीसारखी त्यांना बोलवायला गेले, तर दारात शेजारणी उभ्या होत्या. न्हाऊन केस पुसता पुसता बाई बसल्या जागी कलंडल्या होत्या. डॉक्टर येऊन गेले होते. त्यांच्या हातातला पंचा अजून ओला होता.

थोड्या वेळाने संस्थेचे सेक्रेटरी आले. त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

"बाईचा भाऊ दारव्ह्याहून येईन तवरोक दुपार होते. तुम्ही शाळेत चला."

"आज?" मी म्हणाले.

"मेलेलं मानूस कोठी पळून नाही जात, बाई. इन्स्पेक्टर संध्याकाळच्या मोटारीनं पळून जाईन. त्याले कळलं का बाई गेली, तं मॅट्रिकले शिकवाले हाये कोन? तुम्ही? तुमची ट्रेनिंग तरी झाली का?"

माझी झाली नव्हती. त्यांनी फळीवरच्या डब्याकडे बोट केलं. "आनि ते लाडू घ्या."

"सुतकातले?" एक शेजारीण पुटपुटली.

"लाडवाले काय मालूम, कोन मेलं ते?"

शाळेतून दिसू नये म्हणून त्यांनी शेजारणींना आत बसवून दार लोटून घेतलं. डबा मी उचलला.

साहेबांना सांगण्यात आलं की बाईंना ताप आहे. "इन्स्पेक्शनच्या दिवशी बऱ्याच मुख्याध्यापिकांना ताप येतो," ते म्हणाले. सेक्रेटरी मोठ्याने हसले. मी मॅट्रिकच्या वर्गात बाईंचा धडा शिकवला. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून रोज चालत येणारी एक मुलगी मध्येच उभी राहिली.

"सुट्टीत बाईंले पाहून येऊ का जी? घर तं समोरच हाये."

"बस खाली," सेक्रेटरी दारातून म्हणाले. "ताप लागते."

मुलींनी घडघडा वाचलं. साहेबांनी पुस्तकाबाहेरचं विचारलं, तेही आलं. ते खूश झाले. "हे कुणी करून घेतलं?" मी म्हणाले, "बाईंनी." ते म्हणाले, "उठल्या की माझं अभिनंदन सांगा त्यांना." मधल्या सुट्टीत त्यांनी लाडू मागून मागून खाल्ले. वर्गाची काळजी करू नका, असंही म्हणाले.

मोटार सुटेपर्यंत मुलींना शाळेतून सोडायचं नाही, असा हुकूम होता. साहेबांना निरोप द्यायला सेक्रेटरी, चपराशी आणि मी स्टँडवर गेलो. मोटार आली नव्हती. नदीवरच्या स्मशानाचा रस्ता स्टँडवरूनच जातो. दिवस मावळायच्या आत उरकायचं म्हणून बाईंच्या भावाने घाई केली. सेक्रेटरींनी त्याला थांबवायला माणूस धाडला होता, पण त्याने ऐकलं नाही.

तिरडी आली. चेहरा उघडा होता. माझ्या हातात साहेबांना द्यायची संत्र्यांची टोपली होती. ती खाली ठेवावी की नाही, हे ठरेपर्यंत बाई पुढे गेल्या. त्या काळी बायका नदीवर जात नसत.

"कोण हो?" साहेबांनी सहज विचारलं.

 चपराशी एकदम रडू लागला. "आमच्या बाई जी. सकाळीच गेल्या."

साहेब माझ्याकडे वळले. इतकी मोठी गोष्ट लपवली, असं काहीतरी ते बोलतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "ते लाडू कुणाच्या घरचे होते?"

सेक्रेटरींनी घड्याळाकडे पाहिलं. साहेब पानठेल्याच्या मागे गेले आणि घशात बोट घालून ओकले. परत येऊन रुमालाने तोंड पुसलं. सेक्रेटरी म्हणत होते, "साहेब, वर्गाचं तेवढं..." मोटार आली. साहेब चढले. टोपली माझ्याच हातात राहिली.

मग शाळेचं दार उघडलं. तांड्यावरच्या मुलीने मला विचारलं, "समोरच होत्या नं बाई? मंग आमाले काहून नाही जाऊ देलं?" मी सांगितलं, "तुमच्या वर्गासाठी."

काही आठवड्यांनी मान्यता नाकारल्याचं कळलं. कारणात लाडवांचा उल्लेख नव्हता. इंग्रजीला प्रशिक्षित शिक्षिका नाही, एवढंच होतं, आणि ते खरंच होतं. मी बापांकडे जाऊन पाहिलं. बाईंसारखं उंबऱ्यावर बसून राहणं मला जमलं नाही. ते चहा देऊन वाटेला लावत. एक म्हणाला, "बाई होत्या तवा आमी भेत होतो. आता कोनाले भ्यायचं?" त्या उन्हाळ्यात पाच लग्नं झाली. सहावी मुलगी तांड्यावरची. तिचं पुढच्या वर्षी झालं.

त्यांच्यातल्या दोघी अजून आहेत. तांड्यावरची फुलसावंगीला सुनेकडे असते. तिला इंग्रजी वाचता येतं.