उकळलेली बिगुलं

अंतोन सर बिगूल शिकवायच्या आदी पोरांच्या नाकापुढं हात धरायचे. "श्वास सोड," म्हनायचे. मग दुसऱ्या पोराच्या नाकापुढं. "बघा, सारखाच गरम. वारा देवाचा, आपण नुसती नळी."

लोणावळ्यात फादर लोकांची शाळा हाय, तितं मी झाडलोट करते. नवरा गेल्यापासनं वलवनावरनं चालत येते. सर तितं पयल्या तासाला धर्म शिकवायचे आन् मधल्या सुट्टीनंतर बँड. उंच, वाकलेला मानूस, खिशात कायम पितळ घासायचं फडकं. मी दारापाशी बसून त्यांचा तास ऐकायचे. मला ल्ह्याया-वाचाया येत न्हाई, पन ऐकाया काय लागतं?

माजी नात चंदा त्याच शाळंत. आमी गावाबाहेरच्या वस्तीतली. पोरीचा दम दांडगा, म्हनून सरांनी झेंडावंदनाला बिगूल घिऊन तिलाच पुढं उभी करायचं ठरीवलं. बिगुलं थोडी, पोरं लय. चंदाचंच बिगूल टाकव्याच्या एका बागायतदाराचा पोरगाबी वाजवायचा. त्याची आई आनखी बाया घिऊन शाळंत आली.

"जातीचं काही नाही हो सर," म्हनली. "हायजीनचा प्रश्न आहे."

मी तितंच फरशी पुसत व्हते. माज्याकडं बघून हसलीबी.

"बरोबर आहे, ताई," सर म्हनले. "मावशी, पातेलं ठेवा."

मी आधन ठिवलं. सरांनी बिगुलांची फुकायची तोंडं काढून समद्यांदेखत खळखळ उकळली, चिमट्यानं उचलून त्या बाईपुढं धरली. "आता वाजवू दे ना पोराला?"

"तरीपण..."

"तरीपण म्हणजे काय, ते बोला ताई."

बाई पर्स उचलून उठली. मी जल्मभर लोकांचे संडास धुतले, पोरांच्या वकाऱ्या काढल्या, कदी किळस आली न्हाई. त्या दिशी आली.

मग मोठे फादर सरांना म्हनले, "अंतोन, त्या मुलीला ढोल दे. ढोलाला तोंड लावावं लागत नाही. सगळे खूश."

"फादर," सर म्हनले, "पहिल्या तासाला मी शिकवतो, वारा देवाचा. मधल्या सुट्टीनंतर तो कुणाचा होतो?"

सरांनी ढोल दिला न्हाई, तवा फादरांनी बँडच बंद केला. पुढं धर्माचा तासबी काढून घेतला, आन् सर घरी बसले. झेंडावंदनाला स्पीकरवर बिगूल वाजलं. चंदा लायनीत मागं उभी व्हती, खाली मान घालून.

पन सर सोडनारे नव्हते. रविवारी चर्चमधनं थेट आमच्या वस्तीवर यायचे, सवताचं बिगूल घिऊन. आदी आपन वाजवायचे, मग तसंच तिच्या हातात द्यायचे. फडकं खिशातच ऱ्हायचं. पुढं त्यांना दम लागाय लागला, तवा नुसते बसून बोटानं ताल द्यायचे. "नळी गंजली, मावशी," म्हनायचे. "वारा आहे अजून."

औंदा थंडीत सर गेले. मातीला चंदानं त्यांचंच बिगूल वाजीवलं. शाळंचं कुनी नव्हतं.

मग शाळंला जाग आली. सरांचा मोठा फोटो लावला, खाली काचंच्या कपाटात ती बिगुलं, तोंडं चकचकीत. मोठे फादर भाषनात म्हनले, "अंतोन सर म्हणजे आपल्या शाळेचा श्वास." पुढल्या खुर्चीत तीच बागायतदारीन डोळ्याला रुमाल लावून बसलेली.

फादरांनी मला हाक मारली. "मावशी, या, हार तुम्ही घाला."

"न्हाई घालनार."

"अहो, सरांवर तुमचा किती जीव होता."

"व्हय," मी म्हनले. "तरीपन."

आन् बादली उचलून फरशी पुसाया गेले.